एक माप कमी

धाराशिवच्या जिल्हा कारागृहात कपडा कोठार नावाची एक खोली आहे. मधली दोन वर्षं बदलीवर होतो ती सोडली, तर गेली अकरा वर्षं मी त्या खोलीत आहे. मी तात्याराव, हवालदार. बाकीचे हवालदार कैद्यांवर लक्ष ठेवतात, मी त्यांच्या कपड्यांवर. या जागेसाठी कुणाची चढाओढ नाही. खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी, आणि नव्या कापडाच्या खळीचा वास दिवसभर नाकात बसतो. मला चालतं. कपडे बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत आणि घडी घातली की घडीत राहतात. माणसांबद्दल असं म्हणता येत नाही.

काम साधं आहे. कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, तो घरचे कपडे घालतो. ते नातेवाईक मुलाखतीच्या दिवशी आणतात. मी शिवणी चाचपतो, खिसे उलटे करतो, नाड्या ओढून काढतो आणि मग कपडे आत सोडतो. पक्का कैदी, म्हणजे शिक्षा लागलेला, त्याला सरकारी कपडे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, एक टॉवेल. त्याचे अंगावरचे कपडे धुऊन, उन्हात वाळवून, गाठोडं बांधून, नावाची चिठ्ठी लावून मांडणीवर ठेवायचे आणि सुटेल त्या दिवशी हातात द्यायचे. मोठ्या शिक्षेचे लोक मध्यवर्ती कारागृहात जातात. आमच्याकडे स्वयंपाकाला, झाडझुडीला आणि धुलाईला म्हणून दहा-बारा पक्के कैदी ठेवतात, तेवढेच.

मापाची पट्टी मी वापरत नाही. माणूस दारात उभा राहिला की मला कळतं, छत्तीस की चाळीस. आणि एक गोष्ट मी माझ्या अनुभवानं शिकलो, ती कुठल्या पुस्तकात नाही. नव्यानं शिक्षा लागलेल्या माणसाला मी नेहमी एक माप कमी देतो. तो म्हणतो, साहेब, घट्ट होतंय. मी म्हणतो, होऊ दे. महिनाभरात तो बारीक होतो. जेवण इथं पोटभर मिळतं, पण घास उतरत नाही. मग तोच सदरा अंगाला बरोबर बसतो. ही युक्ती मी चांगुणाला, म्हणजे माझ्या बायकोला, एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लई हुशार. मान्साचं दुःख इंचात मोजाय लागलाव की वो तुमी." मी चिडलो होतो.

चांगुणा गेली त्याला आठ महिने झाले. गर्भाशयाचं दुखणं होतं, उशिरा कळलं, सोलापूरच्या दवाखान्यात दीड महिना होती. मुलगी श्रावस्ती पुण्याला नोकरी करते. ती पंधरा दिवस राहिली आणि गेली. आता रोज संध्याकाळी सात वाजता फोन करते आणि विचारते, पप्पा, जेवलाव का. मी हो म्हणतो. पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडून घेतली आहेत, ती फोनवर दिसत नाहीत.

जलदान विधीच्या दिवशी चांगुणाचा धाकटा भाऊ प्रसेनजित तेरखेड्याहून आला. तो तिथं फटाक्याच्या कारखान्यात आहे, बोटांना कायम चंदेरी बारूद लागलेली असते. येताना त्यानं कापडी पिशवी आणली होती. आमच्या भागात कुणाच्या घरी मयत झालं की सोयऱ्यांनी दुखवटा आणायची रीत आहे. टोपी, टॉवेल, सदरा, पायजमा. सोयऱ्यानं आपल्या हातानं टोपी घालायची, टॉवेल खांद्यावर टाकायचा, म्हणजे त्या माणसाचं सुतक संपलं, त्यानं चार माणसांत उठायबसायला हरकत नाही. आमच्या बौद्ध समाजातही अजून पुष्कळ जण हे करतात. मी करत नाही. माझ्या वडिलांनी करणं सोडलं होतं, म्हणून मीही सोडलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "प्रसेनजित, आपून हे मानत न्हाय. पिशवी ठिव तिकडं बाजूला. काय आनायचंच असंल तर शाळंला पुस्तकं दे."

लोकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. प्रसेनजित काहीतरी बोलणार होता, "दाजी, ते..." एवढं म्हणाला आणि थांबला. संध्याकाळी पिशवी उचलून तो एसटीनं निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही आणि माझाही नाही. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण त्या दिवशी घरात माणसं नको होती, कुणी अंगाला हात लावलेला नको होता, रडायचं नव्हतं, आणि तत्त्व हाताशी होतं म्हणून मी ते पुढे केलं. हेही खरं आहे आणि हे सांगायला मला आठ महिने लागले.

आता बलभीमचं सांगतो. बलभीम ईटचा, भूम तालुक्यातला. बांधावरून चुलत्याच्या पोरांशी मारामारी झाली, एकाचा हात मोडला, याला दीड वर्षाची शिक्षा लागली. बायको खटल्याच्या आधीच सोडून गेली होती. घरी म्हातारी आई तेवढी. तो धुलाईवर आहे. बुधवारी आणि शनिवारी पाणी सोडतात, हौद भरतो आणि हा सगळ्या पक्क्या कैद्यांचे कपडे, सतरंज्या, दवाखान्याच्या चादरी दगडावर आपटून काढतो. धुतलेलं मोजून घेणं माझ्याकडे. त्यामुळं दोन वाक्यांपलीकडे बोलणं नसलं तरी दिवसभराची संगत आमची दोघांची. मला तो आवडतो, कारण तो बाह्या सरळ करून वाळत घालतो. इतकं कुणी करत नाही.

जानेवारीच्या शेवटी त्याची आई वारली. भावकी म्हणजेच फिर्यादी. त्यांनी अग्नी दिला, पण इकडं कळवलं नाही. गावातल्या कुणीतरी तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं. बलभीमनं हौदावर बसून डोकं भादरून घेतलं आणि त्याच दुपारी चाळीस चादरी आणि सगळ्यांचे सदरे धुतले. बाह्या सरळ होत्या. मी त्याला म्हणालो, "वाईट झालं." तो म्हणाला, "व्हय साहेब." आम्ही चादरी मोजल्या.

मुलाखतीचा दिवस मंगळवार. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी एक म्हातारा झडतीच्या टेबलापाशी आला. धोतर, फेटा, हातात काठी आणि काखेत पिशवी. नाव विचारलं तर ऐकू येईना. दोनदा ओरडल्यावर म्हणाला, "अंबऋषी. अनदूर. बलभीमचा मामा." मी पिशवीत हात घातला. कोरं पांढरं कापड लागलं.

"पक्का कैदी हाय तो," मी म्हणालो. "पक्क्याला भाईरचं कापड चालत न्हाय."

"आं?"

"कापड चालत न्हाय!"

"कापड न्हाय ते साहेब," म्हातारा म्हणाला.

"मग काय हाय?"

तो गोंधळला. "हाय कापडच. पर..."

"मग न्यावं लागंल माघारी."

त्याच्यामागे वीस माणसं रांगेत होती. नियमानं मला ती पिशवी कोठारात जमा करून घेता आली असती. बलभीमच्या गाठोड्याशेजारी ठेवायची, चिठ्ठी लावायची, काम संपलं. मी ते सुचवलं नाही, कारण दुपारचे दोन वाजले होते आणि मला भूक लागली होती. म्हातारा जाळीपलीकडे दहा मिनिटं भाच्यासमोर उभा राहिला. काय बोलले कुणास ठाऊक. जाताना पिशवी पुन्हा काखेत होती.

शुक्रवारी नवे कपडे वाटायचे होते, कारण सोमवारी वरिष्ठांची तपासणी होती. दहा जणांनी घेतले, सह्या-अंगठे केले आणि गेले. बलभीम शेवटी आला. त्याच्या सदऱ्याचा खांदा कपडे आपटून आपटून पार उसवला होता.

"घे," मी म्हणालो. "अडतीस. टोपी बघ बसती का."

"नको साहेब."

"नको म्हंजी? खांदा भाईर आलाय तुझा."

"येऊ द्या."

"सोमवारी तपासनी हाय. हे घालून हुबा ऱ्हाशील का तितं?"

तो खाली बघत होता. "नवं कापड अंगाला लावता येत न्हाय मला. आईचा दुखवटा निघाला न्हाय अजून."

"मग काढून टाक की एकदाचा."

"सोताचा सोताला काढता येतो व्हय?" तो म्हणाला. मग तितक्याच थंडपणे पुढचं बोलला. "मामा आला हुता मंगळवारी. पिशवी घिऊन. तुमी माघारी लावली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं एक शिवी हासडली असती तर माझी सुटका झाली असती. मी टोपी हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि तो हौदावर निघून गेला.

सरकारी कपडे घ्यायला नकार देणं हा कसूर आहे. कसूर नोंदवला की चांगल्या वागणुकीची माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कापली जाते. बलभीमची सुटका अकरा मार्चला होती. माफी कापली असती, तर ती एप्रिलच्या मध्यावर गेली असती. ईटमधल्या त्याच्या घराला तेव्हा कुलूप लावायलाही माणूस नव्हतं आणि भावकी शेजारी होती. महिनाभरात काय होतं हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी राजनंदिनी मॅडमकडे गेलो. त्या आमच्या तुरुंग अधिकारी, माझ्या श्रावस्तीहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. मी सगळं सांगितलं, मंगळवारच्या पिशवीसकट.

"म्हणजे चूक तुमची आणि कसूर त्याचा," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"त्याच्या मामाला परत बोलवा ना. फोन नाही?"

रजिस्टरमध्ये नंबर होता. मी लावला तर तो नातवाचा निघाला, नातू हैदराबादला. म्हणाला, आजोबांना ऐकू येत नाही, फोनवर तर नाहीच.

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "सोमवारी सकाळी आठपर्यंत मी काही लिहीत नाही. आठ वाजता तो जुन्या सदऱ्यात दिसला, तर मला लिहावं लागेल."

"रविवारी माझी सुट्टी आहे मॅडम. अणदूरला जाऊन..."

"तुमच्या सुट्टीत तुम्ही कुठं जाता ते मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि तिथून इकडं काहीही आणू नका. सुतळीचा तोडासुद्धा."

रविवार, खंडोबाचा वार, आणि खंडोबाचं देऊळ अणदूरलाच. तुळजापूरला गाडी बदलली तर पुढच्या गाडीत उभं राहायलाही जागा नाही. सगळे सहकुटुंब. माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याच्या सदऱ्यावरचा चहाचा डाग ओल्या पदरानं पुसत होती आणि तो तिला नको नको म्हणत होता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नळदुर्ग गेलं, अणदूर आलं, आणि मला एकदम वाटलं की मी कुणाकडे चाललोय, ज्याला मी हाकलून दिलं त्याच्याकडे. पण उतरलो.

अंबऋषी मामांचं घर शोधायला वेळ लागला नाही. बहिरा माणूस गावात सगळ्यांना ठाऊक असतो. पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते, उजवा गुडघा सुजून मडक्याएवढा झालेला. मला त्यांनी लगेच ओळखलं, आणि पहिली गोष्ट काय केली, तर सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

मी बाजेच्या कडेला टेकलो आणि ओरडून सांगायला लागलो. बलभीम नवे कपडे घेत नाही. सोमवारी तपासणी आहे. त्याची सुटका लांबेल. तुम्ही उद्या सकाळी या, मी मॅडमना सांगतो, पिशवी जमा करून घेतो.

मामांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तवाच्या येण्यानं हे झालं. आता माझ्याच्यानं तितवर येनं व्हायचं न्हाय."

"मग काय करायचं?"

"तुमी घाला."

"आं?" या खेपेला मी म्हणालो.

"नवी टोपी तुमच्यातच असंल की. कसली असती, पांढरी?"

"पांढरी!"

"सदरा?"

"पांढराच! पायजमाबी!"

मामा हसले. दात दोनच होते. "म्या बी तेच आनलं हुतं. मग कापड सरकारचं असंना का. माझ्या नावानं तुमी घाला."

"मामा, मी तुमच्यातला न्हाय!" मी ओरडलो. "मी बौद्ध हाय! आमी ही रीत पाळत न्हाय!"

"कोन मेलं की मग काय करताव?"

हा खवचटपणा नव्हता. म्हाताऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "माझी बायको वारली."

"आं?"

"बायको!"

"काय झालं बायकोला?"

"वारली!" मी ओरडलो. "माझी बायको वारली! आठ महिनं झालं! चांगुणा नाव हुतं तिचं!"

गल्लीतून हंडे घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. सून दारात आली. आठ महिन्यांत हे वाक्य मी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. कार्यालयात अर्जात लिहिलं होतं, बँकेत लिहिलं होतं, आणि जिथं तिथं लोकांना आधीच माहीत होतं. आता परक्या गावात, भर दुपारी, घसा फुटेस्तोवर मी ते ओरडलो होतो, आणि ओरडून झाल्यावर माझा आवाज गेला.

मामांनी मला पाण्याचा तांब्या दिला. मी प्यायलो.

"दुखवटा कुनी घातला मग तुमाला?"

मी मान हलवली. "कुनी न्हाय."

"मेव्हना न्हाय का?"

"हाय. आला हुता. म्या माघारी लावला."

हे त्यांना ऐकू आलं नसणार, पण माझ्या तोंडाकडे बघून कळलं. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, मामाही मोठ्यानंच बोलत होते. तेवढं एकच वाक्य ते हळू बोलले. "मंजी तुमी अजून दुखवट्यातच हाव की."

मग त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे तळवे खरखरीत आणि गरम होते. थोडा वेळ त्यांनी ते तसेच धरले, आणि मीही सोडवून घेतले नाहीत. चांगुणा गेल्यापासून कुणी माझा हात असा धरला नव्हता. "जावा आता," ते म्हणाले. "हे आता माजे हात. बलभीमला सांगा, मामानं घातलं म्हनून."

पिशवी बाजेखालीच होती. त्यांनी ती दिली नाही आणि मी मागितली नाही. सुतळीचा तोडासुद्धा आणला नाही.

सोमवारी सातला मी कोठार उघडलं आणि बलभीमला बोलावून घेतलं. एरवी मी कपडे खिडकीतून पुढे सरकवतो. त्या दिवशी त्याला आत घेतलं आणि मांडणीसमोर स्टुलावर बसवलं. तो माझ्याकडे संशयानं बघत होता.

"काल अनदूरला गेलतो," मी म्हणालो. "मामाचा गुडघा सुजलाय. येता येत न्हाय त्येंला. माझे हात धरून म्हनले, हे माजे हात, तुमी घाला."

"तुमाला म्हनले?"

"मला."

"तुमी तर हे मानत न्हाय, साहेब."

"न्हाय मानत," मी म्हणालो. "तू मानतूस न्हवं? गप बस."

मी नवी टोपी उघडली, खळीनं कडक झालेली, आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. भादरलेले केस नुकते कुठं वर आले होते. टोपी जरा पुढे आली, ती मागे सारली. टॉवेलची घडी मोडून त्याच्या खांद्यावर टाकली, उसवलेल्या जागेवर. आणि मग काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "तुझी आई गेली, बलभीम."

तो रडला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आवाज न करता नाही, चांगला मोठ्यानं, लहान मूल रडतं तसा. बाहेरच्या शिपायानं आत डोकावून बघितलं, मी त्याला हातानंच जा म्हणालो. रडताना बलभीम पाया पडायला वाकला तेव्हा मी मागे सरकलो, तर पाठ मांडणीला लागली. सरकायला जागा नव्हती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली त्याची हाडं लागली. अडतीस मोठा होणार, हे मला तिथंच कळलं. मी छत्तीस काढून दिला.

आठ वाजता तो रांगेत उभा होता, पांढराधोट. राजनंदिनी मॅडम त्याच्यापाशी क्षणभर थांबल्या, मग माझ्याकडे न बघता पुढे गेल्या. साडेअकराला तपासणीचे साहेब आले. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, दवाखाना बघितला आणि बलभीमच्या समोरून गाडीबद्दल बोलत निघून गेले. कोठारात तर कुणी आलंच नाही.

दोनला माझी ड्यूटी संपली. फोन आम्ही फाटकावर ठेवतो. तो घेतला आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. घरी जायचं नव्हतं. तिथं गेलो असतो, तर मी पुन्हा गप्प बसलो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे. प्रसेनजितचं नाव शोधलं. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"दाजी?"

या शब्दाची सवय मोडली होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाजी, काय झालं? बरं हाय ना?"

"बरं हाय," मी म्हणालो. "प्रसेनजित, ती पिशवी हाय का रं?"

तिकडे कारखान्याच्या भोंग्याचा आवाज आला.

"हाय की," तो म्हणाला. "ट्रंकंवर ठिवलीय. उघडली न्हाय कुनी."

"म्या तवा चार लोकांत बोललो. तसं बोलायला नको हुतं."

"तुमी म्हनलाव ते बराबर हुतं दाजी. म्या बी मानत न्हाय ते. म्या रीत म्हनून आनलीच नव्हती पिशवी."

"मग?"

"ताईनं सांगितलं हुतं."

मी लिंबाच्या बुंध्याला हात टेकवला.

"दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात," प्रसेनजित म्हणाला. "तुमी खाली गोळ्या आनाय गेलताव. मला जवळ बलिवलं आन् म्हनली, म्या गेल्यावर दाजीला एक सदरा आन. ते सोताला कायबी घेत न्हाईत. रंग निळा आन, पांढरं दिवसभर बघत्यात. म्या म्हनलं, ताई, काय बी बोलू नको. तर म्हनली, ऐक. माप बेचाळीस हाय त्येंचं. पर तू चाळीस आन. एक माप कमीच आन, म्हनली. महिन्यात बराबर बसंल."

माझा एक हात पट्ट्यावर गेला, नव्या भोकांपाशी. मान्साचं दुःख इंचात मोजाय लागलाव, ती म्हणाली होती, आणि जाण्याआधी माझं मोजून गेली होती. फाटकावरचा शिपाई माझ्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं, आणि मी रडलो, बलभीमसारखा, मोठ्यानं.

"दाजी? कुठं हाव तुमी?"

"हितंच हाय," मी म्हणालो. "पिशवी घिऊन ये."